माळी कोण या वेलीला

"उद्या तुम्ही बोला, काक जंती," रोहानी म्हणाली. "तुम्ही परक्या आहात. परक्या माणसाच्या बोलण्याचा इथे कुणी राग धरत नाही."

मी माझ्या लेकीला, मुक्ताला, वरणभात भरवत होते. घास तसाच हातात राहिला. रोहानी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"काय बोलू?"

"की रझालीचं लग्न झालंय. नदीपलीकडे त्याची बायको आहे. मूलही आहे."

खिडकीतून तिच्या घराचा ओटा दिसत होता. तिची आई, माक चिक एसाह, ओट्याच्या फळ्या पाण्यानं घासत होती. उद्या दुपारी त्याच ओट्यावर रझालीच्या घरच्या बायका येऊन बसणार होत्या. रोहानीला मागणी घालायला.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तोक सोमनं."

"त्याच्या आजीनं? सख्ख्या नातवाबद्दल? काय म्हणाली ती?"

"म्हणाली नाही," रोहानी म्हणाली. "गायली."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. माझे यजमान श्रीनिवास पुलाच्या कामावर इंजिनिअर होते आणि आम्ही मलेशियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, केलांतान प्रांतातल्या एका कोळीगावात राहत होतो. थायलंडची हद्द तिथून जवळ, एक नदी ओलांडली की पलीकडे. मी मूळची वेंगुर्ल्याची. त्यामुळे नारळ, वाळू, सुकत टाकलेल्या मासळीचा वास, यातलं काहीच मला नवं नव्हतं. भाषा मात्र नवी होती, आणि ती मला रोहानीनं शिकवली. वैजयंती हे नाव तिथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी झाले जंती. काक म्हणजे थोरली बहीण, माक चिक म्हणजे मावशी, पाक चिक म्हणजे काका, तोक म्हणजे आजी. पहिल्यांदा कुणी 'काक' म्हणून हाक मारली तेव्हा मी वर झाडाकडे पाहिलं होतं, कावळा बसलाय का म्हणून.

रोहानी विशीची होती. मुक्ताला सांभाळायला यायची आणि तिच्याशी सगळं गाण्यातच बोलायची. मुक्तानं ताटातला भात खाली सांडला की एक गाणं, त्यात सांडलेलं शीत कोंबडीकडे जाऊन रडायचं. मोठ्यांच्या मधून धावत गेली की दुसरं, त्यात खेकडा आपल्या पोरांना सरळ चालायला शिकवायचा. मला वाटायचं, सगळीकडे पोरांना गातात तशीच ही बडबडगीतं. पण एकदा काय झालं, माझ्या मोरीचं पाणी कुंपणाखालून शेजारी जायला लागलं. मला पत्ता नाही. माक चिक एसाह रोज सकाळी अंगण झाडताना एका बदकाचं गाणं म्हणायची. बदक म्हणतं, काय माझं नशीब, तळ्यापर्यंत चालत जावं लागत नाही, तळंच माझ्या दारात आलं. चांगले आठ-दहा दिवस मी ते गाणं कौतुकानं ऐकलं, चालही गुणगुणले. मग एका सकाळी कुंपणापलीकडे नजर गेली आणि माझा चेहरा उतरला. मी त्याच दिवशी गडी बोलावून चर खणून घेतला. दुसऱ्या दिवशी माक चिकनं केळीच्या पानात बांधलेला गोड भात पाठवला. पाण्याचा विषय ना तिनं काढला, ना मी.

म्हणून रोहानी 'गायली' म्हणाली तेव्हा मी हसले नाही.

"काय गायली?"

रोहानीनं मुक्ताला मांडीवर घेतलं आणि हलक्या आवाजात ते म्हटलं. चालीवरून अंगाईच होती. मी ती मनात मराठीत लावून घेतली, ती अशी:

नीज रे नीज, नदीच्या पार
तुझ्या दारी जाई फुले;
बाप तुझा इथे शोधी दार,
तिथे तुझी वाट भुले.

"मागच्या आठवड्यात तोक सोमनं मला पाय चेपायला बोलावलं होतं," ती म्हणाली. "तिला आता नीट दिसत नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाय चेपताना ती हे गात होती. तीन-चारदा गायली. घरात लहान मूल एकही नाही, काक जंती. मग अंगाई कुणासाठी?"

"जुनं गाणं असेल एखादं."

"नाही. तिची सगळी गाणी मला येतात. हे तिनं बांधलंय."

"मग आईला सांग."

"आई काय करेल? बाबा हाजी दौदच्या बोटीवर तांडेल आहेत. आत्तासुद्धा त्याच बोटीवर, समुद्रात. त्याच्याच मुलावर आळ घ्यायचा? आणि पुरावा काय, तर एक गाणं?" तिनं ओढणीचं टोक सोडलं. "आमच्यात दुसरं लग्न करता येतं, ते मला माहीत आहे. पण लपवून? आणि मला न विचारता? उद्या अंगठी बोटात गेली की मग काही बोलता येत नाही. बोललं की दोन्ही घरांची मान खाली जाते."

"आणि मी बोलले तर?"

"लोक म्हणतील, परकी बाई आहे, तिला रीत माहीत नाही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेली.

संध्याकाळी श्रीनिवास कामावरून आले. चहा घेता घेता मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वैजू, आपण कुणाच्या घरात राहतो?"

"हाजी दौदच्या."

"माझ्या पुलावर मजूर कोण पाठवतं?"

त्याचंही उत्तर तेच होतं. त्या गावात बोटी हाजी दौदच्या, बर्फाचा कारखाना हाजी दौदचा, आणि मशिदीला नवे पत्रे घातले तेही त्यानंच. माणूस वाईट नव्हता. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्या दिवशी शहाळी घेऊन स्वतः आला होता.

"आणि ते खोटं निघालं तर?" श्रीनिवास म्हणाले. "म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही कुणास ठाऊक. पोरीनं अर्थ भलताच लावला असेल तर? भरल्या बैठकीत तू एका प्रतिष्ठित घरच्या मुलाला बदनाम करणार, तेही मोडक्यातोडक्या भाषेत. उद्या आपल्याला पाणी तरी देईल का कुणी?"

"तिचा जन्म जातोय त्यात."

"तिचे आईबाप आहेत. तू बैठकीला जा, बोलावलंय तर जायलाच हवं. जेव, हस, ये. तोंड उघडू नकोस."

मला त्यांचा राग आला नाही. ते म्हणत होते त्यातला शब्दन् शब्द मीही दुपारपासून स्वतःला सांगत होते. त्या रात्री मला झोप कसली ती लागली नाही. मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'माफ करा, पण मी ऐकलं आहे की.' कुठे ऐकलं? कुणाकडून? तोक सोमचं नाव घेतलं तर म्हातारी मरते, रोहानीचं घेतलं तर पोरगी. प्रत्येक वाक्य तिथेच येऊन अडकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्या आल्या. पहिल्या मागणीच्या वेळी तिथे बायकाच जातात, पुरुष मागाहून. हाजी दौदची बायको हाजा मरियम पुढे होती. भारदस्त बाई, गडद जांभळा पोशाख, हातात सोन्याच्या बांगड्या. तिच्या मागे घरातल्या दोघी-तिघी, आणि त्यांच्या खांद्याला धरून तोक सोम. वाळक्या शेंगेसारखी बारीक. डोळ्यांवर पांढुरकी साय आलेली, मान मात्र ताठ. हाजा मरियमची ती सासू. गावात कुणाकडेही मागणी घालायला जायचं तर बोलणी करायला तिलाच नेत, कारण बोलणी करायची ती पंतुनात, चार ओळींच्या पद्यात, आणि तोक सोमसारखे पंतुन बांधणारं त्या किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं.

माक चिक एसाहनं मला आपल्या शेजारी बसवलं. तिचा तळवा माझ्या तळव्याला लागला, तो घामेजलेला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिलाही धाकधूक आहे. कशाची, ते मात्र मला कळेना. रोहानी आत, पडद्यामागे. पडद्याखालून तिच्या पायांची बोटं दिसत होती. माझी मुक्ता तिच्याकडेच होती.

विड्याचं पितळी तबक मधोमध ठेवलं गेलं. कुणीच घाई करत नव्हतं. हवापाण्याचं झालं, मासळीचं झालं. मग तोक सोमनं घसा साफ केला आणि कुणाकडेच न बघता, सुरात म्हटलं:

वाट चुकली, पाय थकले,
विसावलो सावलीला;
फूल पाहून डोळे निवले,
माळी कोण या वेलीला?

बायका हुंकारल्या. माक चिक एसाहनं मान खाली घातली, मग उत्तर दिलं.

पाणी साधं, पाहुणचार साधा,
बसा जरा ओट्यावरती;
वेलीचा मांडव अजून अर्धा,
धनी आहे दर्यावरती.

मला वाटलं, सुटलो. घरधनी समुद्रावर आहे, तो आल्यावर बघू, असाच त्याचा अर्थ. तोक सोमही समाधानानं मान हलवत होती. पण हाजा मरियम हसली आणि तिनं सरळ बोलायला सुरुवात केली.

"एसाह, धनी दर्यावर आहे तो आमच्याच बोटीवर आहे. दरामन आम्हाला परका का आहे? तो नाही म्हणणार आहे थोडाच! शुभ गोष्ट लांबणीवर कशाला टाकायची?"

असं गद्यात, रोकडं बोलणं तिथे बसत नव्हतं. पण तिला हटकणार कोण? तिनं कनवटीची मखमली डबी काढली. उघडली. आत अंगठी.

"हात पुढे कर, एसाह. मुलीच्या वतीनं तू घे."

माक चिक एसाह हलली नाही. तिचा हात मांडीवर तसाच पडून होता. घ्यावी तर मुलगी जाते, न घ्यावी तर नवऱ्याची बोट जाते. मला तेव्हा कळलं की हिलाही काहीतरी माहीत आहे. कदाचित सगळंच. आणि मला हेही कळलं की ती एक शब्द बोलणार नाही. पडद्याखालची बोटं फळीवर घट्ट रुतली होती.

'माफ करा' एवढा शब्द माझ्या ओठांवर आला. मी तोंड उघडलंही असेन, कारण माक चिकनं एकाएकी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब, मरियम," तोक सोम म्हणाली. "असं कोरडं कोरडं काय? मागणीला आलोय की बाजाराला?" तिनं आपले सायीचे डोळे माझ्या दिशेला वळवले. "इथे ती हिंदुस्थानी मुलगी बसली आहे ना? ती आमची गाणी शिकते म्हणे. तुमच्या देशात लग्नाच्या वेळी बायका असं काही म्हणतात की नाही गं?"

"म्हणतात, तोक," मी म्हटलं. "उखाणा म्हणतात त्याला."

"मग म्हण एक. आमच्या भाषेत म्हण. अंगठी कुठे पळून जात नाही."

हाजा मरियमच्या कपाळाला आठी पडली, पण सासूसमोर तिनं डबी मांडीवर ठेवली.

आता सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. उखाण्याला मी कधी अडले नव्हते. माझ्या लग्नात वेंगुर्ल्याच्या बायकांनी दारातच अडवून धरलं होतं तेव्हा मी एकामागून एक उखाणे घेऊन त्यांना दमवलं होतं. पण तिथे चूक झाली तर हशा व्हायचा, एवढंच. इथे चूक झाली तर काय होईल, ते श्रीनिवासांनी मला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं. आणि खरोखर, मी जे बोलणार ते खरं आहे याचा माझ्याजवळ काय आधार होता? एक अंगाई. मी त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. ती नुसती वाट बघत होती, मान किंचित कलती करून, जशी चांगली गाणारी माणसं दुसऱ्याचा सूर लागायची वाट बघतात.

मी डोळे मिटले. मला आमच्या बंदरातल्या होड्या आठवल्या. शब्द मलय होते, मोडके होते, व्याकरण तर असेल नसेल. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

होडी एक अन् दोर दोन,
एक इथं, एक पैलतीरी;
भरती येता सोडील कोण,
अन् होडी बुडेल कुणाच्या दारी?

कुणी हुंकारलं नाही. बाहेर एक कोंबडा ओरडला, तो पुरता ओरडून होईपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. हाजा मरियमचा चेहरा आधी कोरा झाला, मग मानेपासून वर लाल होत गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं सासूकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला पहिल्यांदा खात्री पटली की अंगाई खरी होती, आणि या बाईलाही ते ठाऊक होतं.

माक चिक एसाहनं माझं मनगट सोडलेलं नव्हतं. नखं रुतली होती.

तोक सोमनं विड्याचं तबक चाचपडत आपल्याकडे ओढलं. एक पान उचललं, चुना लावला, सुपारी घातली, अगदी सावकाश. विडा तोंडात न घालता पुन्हा तबकात ठेवला आणि झाकण लावलं. मग म्हणाली:

आभाळ आलं, पाऊस येईल,
निघतो आम्ही माघारी;
फूल वेलीवर शोभून राहील,
सुगंध नेतो घरी.

"चला," ती उठत म्हणाली. "वाट विचारायला आलो होतो, पाणी मिळालं. एसाह, केळ्याचा हलवा फार छान झाला होता."

हाजा मरियमनं डबी मुठीत मिटली. पायऱ्या उतरताना ती माक चिकला रीतसर 'येते' म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

त्या गेल्यावर माक चिक एसाह तिथेच बसून राहिली. रोहानी पडदा सारून बाहेर आली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आवाज न करता, बराच वेळ. मला वाटलं होतं, कुणी मला शाबास म्हणेल. माक चिकनं माझ्या मनगटावरचे नखांचे वळ पाहिले, आत गेली, खोबरेल आणलं आणि ते वळांवर चोळत बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. बोट परत यायची होती. ईशान्येचे वारे सुरू व्हायच्या आत सगळ्या बोटी माघारी येतात, पण यंदा या बोटीची वाट मी वेगळ्याच भीतीनं बघत होते. पाक चिक दरामन उतरेल, हाजी दौद त्याला धक्क्यावर गाठेल, आणि मग? रोज दुपारी माक चिक किनाऱ्याकडे जाऊन यायची. मी विचारत नसे, ती सांगत नसे. कामावरून परत आले की श्रीनिवास आधी माझा चेहरा बघायचे. मजूर येत होते, पण मुकादम आता त्यांच्याशी हसत नव्हता.

बोट आली त्या दिवशी मीही मुक्ताला कडेवर घेऊन धक्क्यावर गेले. हाजी दौद तिथे उभा होता, हात पाठीमागे बांधून. पाक चिक दरामन फळीवरून उतरला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. दोघं जरा बाजूला गेले. मी इतकी लांब होते की मला फक्त ओठ हललेले दिसले. हाजी बोलत होता. दरामननं मान खाली घातली. माक चिक एसाहचे ओठही हलत होते, ती काहीतरी पुटपुटत होती. मग हाजीनं दरामनच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बोटीच्या सुकाणूकडे बघू लागले.

"काय म्हणाला?" माक चिकनं नवरा जवळ आल्यावर विचारलं.

"सुकाणू ढिलं झालंय, वारे ओसरले की बदलू म्हणाला," दरामन म्हणाला. "का? काय झालं?"

माक चिक जागच्या जागी वाळूत बसली. वारे ओसरल्यावर, म्हणजे पुढच्या मोसमात. म्हणजे बोट त्याच्याकडेच राहिली.

नंतर मला त्याचं कारण उमगलं. हाजीला दरामनवर राग धरायला जागाच उरली नव्हती. त्या दुपारी कुणी मागणी घातली नव्हती आणि कुणी नकार दिला नव्हता. चार बायका वाट विचारायला आल्या, पाणी प्याल्या, पाऊस येईल म्हणून उठून गेल्या. गावात कुणी विचारलं तर सांगायला एवढंच होतं.

आमच्यापुरतं म्हणाल तर थोड्याच दिवसांत हाजी दौद स्वतः घरी आला, तसाच शहाळी घेऊन. मुक्ताच्या गालाला हात लावला. म्हणाला, या घराचं छप्पर फार जुनं झालं आहे, पावसाआधी उतरवून नवं घालायचं म्हणतो, तुम्हा मंडळींना त्रास व्हायला नको. श्रीनिवासांनी हात जोडून आभार मानले. आम्ही पुलाजवळच्या कामगारांच्या चाळीत राहायला गेलो. तिथल्या पहिल्या संध्याकाळी सामान लावता लावता श्रीनिवास मध्येच थांबून म्हणाले, "वैजू, ते छप्पर खरंच गळत होतं का गं?" आणि मग आम्ही दोघं इतकं हसलो की मुक्ता घाबरून रडायला लागली. ते मला रागावतील याची मी किती दिवस वाट पाहत होते! ते कधी रागावले नाहीत.

पाऊस संपल्यावर मी माक चिककडे गेले. रोहानीला शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, ती प्रांताच्या राजधानीला गेली होती. ओट्यावर तोक सोम बसली होती. मला वाटलं, भेटायला आली असेल. पण तिचे धुतलेले कपडे याच घराच्या दोरीवर वाळत होते.

"तोक इथे?" मी माक चिकला हळूच विचारलं.

"इथेच असतात आता," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी म्हातारीजवळ बसले. तिनं माझा हात चाचपून ओळखला.

"तुझा पंतुन मोडका होता," ती म्हणाली. "पहिल्या दोन ओळींत झाडंपानं असावीत, वारा असावा. माणसाचं मागाहून. तू पहिल्या शब्दापासूनच होडीत चढलीस."

"आमच्याकडे असंच म्हणतात, तोक."

"कळलं मला. सगळ्यांना कळलं. जरा जास्तच कळलं." ती हसली. तिला दात नव्हते.

मग मी विचारलं. इतके महिने ते माझ्या मनात होतं. "तुम्हाला सगळं माहीत होतं. पंतुनही तुम्ही माझ्याहून शंभर पटींनी चांगला बांधला असता. मग मला का बोलायला लावलंत?"

तिनं लगेच उत्तर दिलं, जणू आधीच बांधून ठेवलं होतं.

"मी बोलले असते तर सासूनं सुनेला चारचौघींत उघडं पाडलं असं झालं असतं. एसाह बोलली असती तर दरामनची बोट गेली असती. पोरगी बोलली असती तर तिला पुढे कुणी विचारलं नसतं. प्रत्येकीला इथेच राहायचं होतं." माझा हात तिनं थोपटला. "तू जाणार होतीस. पूल झाला की जाणार. तुझ्याबरोबर तो शब्दही जाणार."

मला ते लागलं. खरं सांगते, लागलं. इतके दिवस मी मनाशी समजत होते की त्या दुपारी सगळ्यांत मोठं धाडस मी केलं. मी जरा वेळ समोरच्या केळीकडे बघत बसले. रझालीनं पुढे त्या बायकोमुलाला घरी आणलं, सगळं रीतसर झालं, पण ते नंतरचं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की हाजी दौदच्या मोठ्या घरातली म्हातारी दोन खोल्यांच्या घराच्या ओट्यावर बसली आहे.

"तुम्हाला सुनेनं घालवलं?" मी विचारलं.

"छे. कुणी घालवत नाही आमच्यात." ती किनाऱ्याच्या दिशेनं बघत होती, जणू तिला दिसत होतं. "मरियमनं एक दिवस माझी झोपायची चटई उन्हात टाकली. चांगलं केलं, ओल धरली होती. संध्याकाळ झाली, तिनं ती आत घेतली नाही. दुसरा दिवस गेला, दव पडलं, तरी घेतली नाही. मी मागितली नाही. लाकडाच्या फळीवर निजले."

"मग?"

"मग एसाह रस्त्यानं चालली होती. तिनं कुंपणावर चटई बघितली. कुणाला काही विचारलं नाही, हाक मारली नाही. चटई झटकली, गुंडाळली, काखेत मारली आणि आपल्या घराकडे चालू लागली." तोक सोमनं ओढणी सारखी केली. "चटई माझी होती, मुली. मला तिच्या मागोमाग यावंच लागलं."